एकोणतीस अंकी संख्या आणि अमरावतीचा ग्रंथ

७९,२२,८१,६२,५१,४२,६४,३३,७५,९३,५४,३९,५०,३३६. ही एकोणतीस अंकी संख्या पाहून सामान्य वाचक चकित होईल. परंतु आपल्या पूर्वाचार्यांना ती अपरिचित नव्हती. मनुष्यांच्या जघन्य संख्येचा विचार करताना अनुयोगद्वार सूत्रात तिचे वर्णन तीन प्रकारे आले आहे. तिची स्थाने एकोणतीस आहेत; ती सहाव्या वर्गाला पाचव्या वर्गाने गुणून मिळते; आणि ती ९६ वेळा अर्धी करता येते.

पडताळा सोपा आहे. दोनचा वर्ग ४, त्याचा १६, पुढे २५६, ६५,५३६ आणि पाचवा वर्ग ४,२९,४९,६७,२९६. याचा पुन्हा वर्ग केला की सहावा मिळतो. पाचव्यात दोनचा गुणाकार ३२ वेळा, सहाव्यात ६४ वेळा. म्हणून दोहोंच्या गुणाकारात ९६ वेळा. मुखोद्गत परंपरेत एखादा अंक निसटला, तरी उरलेली वर्णने तो पुन्हा मिळवून देतात. घरातील मुलांनी तिच्या सर्व अंकांची बेरीज करून पाहावी. ती १२७ येते.

अर्धे करण्याच्या या गणनेस 'अर्धच्छेद' म्हणतात. आजचे गणित त्यालाच दोन या पायाचा लघुगणक म्हणते. षट्खंडागमावरील धवला टीकेत आचार्य वीरसेनांनी इ. स. ८१६ च्या सुमारास या संकल्पनेचा विस्ताराने उपयोग केला. विशेष म्हणजे, याच संख्येविषयीचे मत त्यांनी केवळ परंपरेने आले म्हणून स्वीकारले नाही. कोटीचा चतुर्घात, म्हणजे एकावर अठ्ठावीस शून्ये, हीसुद्धा एकोणतीस अंकीच संख्या. पण आपली संख्या तिच्या जवळजवळ आठपट आहे. मनुष्यक्षेत्राचे क्षेत्रफळ काढून इतके मनुष्य त्यात मावणार नाहीत, असे दाखवून वीरसेनांनी ते मत अमान्य केले. श्रद्धा आणि हिशेब यांचा असा मेळ आपल्या परंपरेचे भूषण होय.

ही टीका शतकानुशतके मूडबिद्रीच्या ताडपत्रांत बंदिस्त होती. तिचा पहिला मुद्रित खंड १९३९ साली आपल्या वऱ्हाडातील अमरावतीहून, डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली प्रकाशित झाला. पुढे एकूण सोळा खंड निघाले. १९४२ च्या चौथ्या खंडात लखनौ विद्यापीठाचे गणितज्ञ डॉ. अवधेश नारायण सिंह यांनी धवलेतील गणितावर लेख लिहिला, आणि हा ठेवा गणिताच्या अभ्यासकांपुढे आला.

आर्णीहून अमरावती दूर नाही. तो ग्रंथ मात्र आपल्यापैकी किती घरांत उघडला जातो? ताडपत्रांची पूजा पूर्वजांनी केली, मुद्रण मागच्या पिढीने केले. आता वाचनाचे काम आपल्याकडे आले आहे. सुवर्ण महोत्सवाच्या या मंगल प्रसंगी प्रत्येकाने पाटी-पेन्सिल घेऊन दोनची दुप्पट मांडत जावे. ९६ व्या ओळीवर वरील एकोणतीस अंक हातचे चुकले नाहीत तर अचूक उमटतील. तोच या ज्ञानपरंपरेचा खरा स्वाध्याय ठरेल.