शवपेटीचा उघडता तळ : व्हिएन्ना, १७८४ (थ्रेड)

१/ मृतदेहाचे दहन वा दफन न करता त्याची माती करण्यास मान्यता देणारा कायदा अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने मे २०१९ मध्ये केला. जगाने ती बातमी नवलाईने वाचली. परंतु देह लवकर मातीत मिसळावा असे एखाद्या शासनाला वाटणे मुळीच नवे नाही. त्यापूर्वी २३५ वर्षे एका सम्राटाने तसा हुकूमच काढला होता.

२/ हा सम्राट म्हणजे हॅब्सबर्ग घराण्याचा दुसरा जोसेफ. १७८० साली आई मारिया थेरेसा निवर्तली, सत्ता एकहाती आली आणि सुधारणांचा सपाटा सुरू झाला. धार्मिक सहिष्णुतेचा आदेश निघाला, अनेक मठ बंद झाले. मग दृष्टी वळली मृतांकडे.

३/ तेव्हा व्हिएन्नात श्रीमंतांना चर्चखालच्या तळघरांत, इतरांना भरवस्तीतल्या दफनभूमीत पुरत. १७८४ च्या हुकुमाने हे थांबवले. नव्या दफनभूमी वेशीबाहेर नेल्या. येथवर लोकांनी कुरकुरत का होईना, सोसले असते.

४/ पुढचे कलम मात्र विलक्षण होते. प्रेत वस्त्रांवाचून तागाच्या पोत्यात शिवावे, खड्ड्यात ठेवावे, वर चुना टाकून माती लोटावी. शवपेटी केवळ वाहून नेण्यापुरती, तीही चर्चच्या मालकीची. तिचा तळ झडपांचा असे. खटका ओढला की प्रेत खाली आणि पेटी पुढच्या मृतासाठी मोकळी! हेतू दोन : लाकडाची बचत आणि जलद विघटन. (यातील चुन्याचा भरवसा फोल होता. चुना विघटनाचा वेग उलट मंदावतो, असे आधुनिक प्रयोगांत दिसले आहे.)

५/ व्हिएन्ना खवळले. १६७९ च्या प्लेगमध्ये खड्ड्यांत लोटलेल्या प्रेतांचे हे शहर. गरिबालाही स्वतःच्या शवपेटीत निजण्याचा एवढाच तर मान उरलेला होता. तोच राजाज्ञेने हिरावला जात होता.

६/ जानेवारी १७८५ मध्ये जोसेफने पोत्याचे कलम मागे घेतले, तेही चडफडत. मेल्यावर अधिक काळ सडत राहण्याचे लोकांना इतके अगत्य असेल तर खुशाल सडोत, असा त्याचा सूर होता. त्याचा तर्क बिनचूक असेल. दुःख त्याला कळले नव्हते.

७/ ‘अमेडियस’ चित्रपटात मोझार्टचे प्रेत अशाच पेटीतून खड्ड्यात पडते. पण मोझार्ट वारला १७९१ मध्ये, पोत्याची सक्ती उठल्यावर सहा वर्षांनी. वेशीबाहेरच्या सांक्ट मार्क्स दफनभूमीतील साधी, खुणेवाचूनची कबर ही मात्र जोसेफच्या नियमांचीच देणगी.

८/ वॉशिंग्टनमधील पद्धतीत लाकडाच्या ढलप्या, पेंढा आणि लसूणघास यांत देह ठेवतात. सूक्ष्मजीवांच्या कार्याने तापमान ५५ अंश सेल्सिअसच्या वर जाते, काही आठवड्यांत माती तयार होते आणि ती नातलगांना मिळते. न्यूयॉर्कमध्ये २०२२ साली हाच कायदा आला तेव्हा कॅथलिक बिशपांनी मृतदेहाच्या प्रतिष्ठेचा प्रश्न उपस्थित केला. आक्षेप जुनाच आहे. फरक असा की येथे सक्ती कोणावरही नाही. व्हिएन्नात निवड करण्यास वावच नव्हता.

९/ ती झडपांची शवपेटी आज व्हिएन्नाच्या अंत्यविधी संग्रहालयात पाहावयास मिळते. जोसेफ १७९० साली वारला. त्याला ना पोते मिळाले, ना चुना. कपुचिन चर्चखालच्या राजघराण्याच्या तळघरात, आईच्या भव्य शिल्पमंडित शवपेटीच्या पायथ्याशी, तांब्याच्या साध्या पेटीत तो अद्याप आहे.