वल्लाहु आलम : तापीकाठचा एक धडा

उर्दूतला कोणताही जुना फतवा उघडून पाहा. सगळे दाखले, सगळा खल झाल्यावर शेवटी दोन शब्द असतात : वल्लाहु आलम. म्हणजे, अल्लाहच अधिक जाणतो. लहानपणी मला वाटायचे, पत्राखाली आपण ‘आपला नम्र’ लिहितो तशीच ही एक रीत असावी. चाळिशी ओलांडली, वीसेक वर्षे फळ्यासमोर उभा राहिलो, तेव्हा कुठे या दोन शब्दांचे वजन कळू लागले. ते शिकवणारा एक इतिहास आपल्याच तापीच्या काठी घडला आहे.

आज खानदेश म्हटले की जळगाव, धुळे आणि नंदुरबार डोळ्यांपुढे येतात. फारुकी सुलतानांच्या काळात, म्हणजे १३८२ ते १६०१, त्याचा विस्तार आणखी वरपर्यंत होता. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, तापीकाठच्या थाळनेरला या घराण्याच्या सुलतानांच्या कबरी आजही उभ्या आहेत. पुढे राजधानी झाली ती बऱ्हाणपूर. खुलताबादला दफन असलेले सूफी बुरहानुद्दीन गरीब यांच्या नावावरून हे शहर वसले. आज ते मध्य प्रदेशात असले, तरी रावेरच्या माणसाला ते परके नाही.

याच बऱ्हाणपुरात शेख मुहम्मद बिन फजलुल्लाह नावाचे आलिम होऊन गेले. इसवी सन १५९० मध्ये त्यांनी अरबीत एक छोटी पुस्तिका लिहिली : ‘अत्तुहफतुल मुरसला’. नबींच्या रूहला पाठवलेली भेट, असा तिच्या पूर्ण नावाचा आशय. त्यात त्यांनी अस्तित्वाचे सात मरातिब, म्हणजे सात पायऱ्या सांगितल्या. सर्वात खालची पायरी माणसाची. आणि सर्वात वरच्या पायरीबद्दल त्यांचे म्हणणे असे की तिथे ना इंद्रिये पोहोचतात, ना कल्पना, ना बुद्धी. कारण ही तिन्ही निर्माण झालेली आहेत, आणि जे निर्माण झाले ते निर्माण झालेल्यालाच जाणू शकते.

हा विचार नवा नव्हता. कुरआनातल्या सूरह अनआमच्या १०३व्या आयतीचा आशय हाच आहे की नजर त्याला गाठू शकत नाही, तो मात्र साऱ्या नजरांना जाणतो. इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी तर अगदी शाळेत दाखवता येईल असे उदाहरण दिले होते. सावलीकडे पाहा, ती स्थिर दिसते. तासाभराने पाहा, ती सरकलेली असते. डोळ्याने ‘स्थिर’ म्हणून साक्ष दिली, बुद्धीने ती खोटी ठरवली. मग गजाली विचारतात : बुद्धीच्याही वर एखादा न्यायाधीश असेल आणि तो बुद्धीची साक्ष खोटी ठरवत असेल, तर?

बऱ्हाणपूरची पुस्तिका समुद्र ओलांडून सुमात्रा बेटावरच्या आचे इथे पोहोचली. तिथल्या शम्सुद्दीन यांनी (मृत्यू १६३०) सात पायऱ्यांची मांडणी उचलली, पुढे जावाच्या भाषेतही ती पद्यात उतरली. पण १६३७ मध्ये तिथे दुसरे एक आलिम आले, नूरुद्दीन. ते मूळचे सुरतेसमोरच्या रांदेरचे. म्हणजे तेही तापीकाठचेच! त्यांनी शम्सुद्दीन आणि त्यांच्या आधीचे सूफी कवी हमजा फन्सूरी यांच्या अनुयायांना काफिर ठरवले. मशिदीसमोर ग्रंथ जाळले गेले. माणसेही मारली गेली.

जाणता येत नाही ते जाणल्याच्या भाषेत बोलण्याचा धोका नूरुद्दीन यांना दिसला, हे मान्य. पण दुसऱ्याच्या काळजात काय आहे, हे तरी त्यांना कसे दिसले? त्याच आचेचे अब्दुर्रऊफ यांनी पुढे हदीसची आठवण देऊन बजावले की कुणाला काफिर म्हणू नका, तो शब्द म्हणणाऱ्यावरच उलटू शकतो.

बऱ्हाणपूरहून तापी जळगाव जिल्ह्यात उतरते. मुक्ताईनगरजवळ तिला पूर्णा मिळते, तिथे चांगदेव गाव आहे. चांगदेवांची गोष्ट प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. ज्ञानेश्वर वयाने लहान, ज्ञानाने मोठे. मग पत्राचा मायना काय लिहावा, चिरंजीव की तीर्थरूप? शेवटी चांगदेवांनी कोराच कागद धाडला. चौदाशे वर्षे जगून हे कोरेच राहिले, असे मुक्ताई म्हणाल्याचे सांगतात. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. पाहणारा स्वतःला पाहायची वस्तू कसा करणार, हा पेच त्यांत आहे. ही परंपरा आणि बऱ्हाणपूरचे शेख यांचे सिद्धांत एकच आहेत, असे मी म्हणत नाही. पण आपल्या जाणिवेला कुठेतरी थांबावे लागते, ही कबुली दोन्हीकडे आहे.

एक कोरा कागद माझ्याही वाट्याला आला. काही वर्षांपूर्वी सातवीतला एक मुलगा फळ्यावरचे काहीच उतरवून घेत नसे. वही कोरी. मी त्याला आळशी ठरवले, कित्येकदा वर्गाबाहेर उभे केले. एक दिवस गावात नेत्रतपासणी शिबिर झाले आणि त्याला जाड चष्मा लागला. मी विचारले, “बेटा, आधी का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “सर, मला वाटलं सगळ्यांनाच असं दिसतं.”

त्या उत्तरावर माझ्याकडे बोलायला काही नव्हते. त्याला आपली नजर कमी आहे हे दिसत नव्हते, आणि मला माझी. त्याची निदान चष्म्याने सुधारली. मी त्याची माफी मागितली, पण उन्हात उभे राहिलेले ते तास परत देता येत नाहीत.

वाचकहो, मर्यादा सगळ्यांनाच असते. अडचण ही की मर्यादा आतून दिसत नाही. आपल्याला दिसते तेवढेच जग वाटते. म्हणून आपल्या बुजुर्गांनी ज्ञानाच्या शेवटी अदब ठेवला. त्यांनी प्रश्न टाळला नाही, अभ्यास सोडला नाही. पूर्ण उत्तर लिहिले, आणि मग कलम खाली ठेवण्यापूर्वी ते दोन शब्द लिहिले. आज मोबाइलवर कुणाच्याही ईमानाचा, देशप्रेमाचा, चारित्र्याचा निकाल क्षणात लागतो. त्या निकालांखाली मात्र हे शब्द कुठेच दिसत नाहीत.

मी आता प्रगतिपुस्तकात शेरा लिहिताना ते मनात म्हणतो. या लेखाखालीही लिहितो.

वल्लाहु आलम.