ओडेसाच्या धक्क्यावर, 1891

ऑगस्ट 1891. तुम्ही रशियन साम्राज्यातल्या ओडेसा बंदराच्या धक्क्यावर उभे आहात आणि धान्याची धूळ थेट घशात जाऊन बसते आहे. मालगाड्या रिकाम्या होतात न होतात तोच पुढच्या येतात. जरा बाजूला सरका, हमालांना थांबायला सवड नाही. राय या धान्याच्या निर्यातीवर झारच्या सरकारने बंदी जाहीर केली आहे, पण ती लागू व्हायला मध्ये अडीच आठवडे ठेवले आहेत. तेवढ्यात हाती लागेल तेवढी राय देशाबाहेर काढायची, अशी व्यापाऱ्यांची धडपड चालली आहे. आणि तिकडे व्होल्गाकाठी, सामारा-कझानकडे, पिकं उभी जळाली आहेत.

शेतकऱ्याने साठवलं का नाही, असं तुमच्या मनात येईल. साठवणार कुठून? भूदासपण 1861 मध्ये संपलं, तरी पदरात पडलेल्या जमिनीचे हप्ते अजून चालूच आहेत. अर्थमंत्री विश्नेग्राद्स्की यांची करवसुली सुगीलाच दारात उभी राहते. भाव पडलेला असताना धान्य विकायचं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तेच चढ्या भावाने परत घ्यायचं, हे त्याचं वर्षचक्र. त्यात देशी कारखान्यांसाठी लावलेल्या यंदाच्या नव्या जकातीने परदेशी लोखंड महाग केलं, म्हणजे त्याचा नांगर-विळाही महागला. शेतकऱ्याचं धान्य परदेशी विकून सरकार सोनं जमवतं, त्या सोन्याच्या भरवशावर पॅरिसचे सावकार कर्ज देतात आणि रेल्वेचे रूळ पुढे सरकतात. याच मे महिन्यात युवराज निकोलसने व्लादिवोस्तोकला सायबेरियन रेल्वेची पायाभरणी केली.

रशियाला कारखाने हवेच होते, यात मला शंका नाही. पण त्यांची किंमत ज्याच्या ताटातून काढली, त्याला कुणी विचारलंसुद्धा नाही, याचा मला संताप येतो.

आता हिवाळ्यात व्होल्गाकाठच्या एखाद्या झोपडीत शिरा. हातात पडणारी भाकरी काळपट, कडवट आहे. पिठात चाकवताच्या जातीच्या तणाचं बी मिसळलं आहे. रियाझानकडे लेखक टॉल्स्टॉय अन्नछत्रं चालवतो आहे. गव्हाची निर्यात नोव्हेंबरमध्ये थांबली, तीही उशिराच. दुष्काळ आणि पाठोपाठच्या रोगराईत सुमारे 4 लाख माणसं जाणार आहेत. काकेशसमध्ये धान्य शिल्लक आहे, सरकारने ते खरेदीही केलं आहे. पण बंदराकडे धान्य वाहून नेणाऱ्या या रेल्वेवर उलट दिशेने, गावांकडे निघालेल्या गाड्या वाटेतच तुंबून पडल्या आहेत.