मेकाँगच्या अरण्यांतील दोन प्रवास

प्रवासाचा बेत करूं लागलें म्हणजे मनुष्याचें लक्ष प्रथम सामानाकडे जातें. काय न्यावें, किती न्यावें, पैसा कोणत्या रूपानें ठेवावा, औषधें कोणतीं घ्यावीं, ह्याच विवंचनेंत निघण्यापूर्वींचे दिवस सरतात. परंतु वाट अरण्यांतून जाणारी असली, आणि तीहि एका राज्यांतून दुसऱ्या राज्यांत शिरणारी असली, तर प्रवासाचें यशापयश दुसऱ्याच तीन गोष्टींवर ठरतें. आपण कोणत्या ऋतूंत निघालों, कोणाच्या परवानगीनें निघालों आणि कोणाच्या सोबतीनें निघालों, ह्या त्या तीन गोष्टी होत. मेकाँग नदीच्या खोऱ्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत झालेले दोन प्रवास ह्या दृष्टीनें पाहण्यासारखे आहेत. हल्लीं थायलंड, लाओस व कंबोडिया ह्या देशांत पाठीवर पिशवी टाकून दहापंधरा दिवस हिंडून येण्याचे बेत आपल्याकडील तरुण मंडळी करूं लागली आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांसहि हा इतिहास निरुपयोगी वाटणार नाहीं.

पहिला प्रवास एकट्या मनुष्याचा आहे. आँरी मूओ हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ १८२६ सालीं जन्मला. सर जॉन बाउरिंग ह्यांचा सयामविषयींचा ग्रंथ १८५७ त प्रसिद्ध झाला; तो वाचून ह्या गृहस्थाच्या मनानें त्या देशाचा ध्यास घेतला. स्वदेशांत आश्रय मिळेना, तेव्हां लंडनमधील भूगोल व प्राणिशास्त्र ह्या विषयांच्या संस्थांचा पाठिंबा मिळवून तो १८५८ च्या एप्रिलांत निघाला व सप्टेंबरांत बँकॉकला पोंचला. कीटक, शंख व पक्षी गोळा करणें हा त्याचा मुख्य उद्योग. तीन वर्षांत त्यानें सयाम, कंबोडिया व लाओस ह्या मुलुखांत चार फेऱ्या केल्या. त्याचें सामान बेताचें होतें. त्याचें खरें बळ म्हणजे फ्राय व डेंग हे त्याचे दोन सेवक.

मूओचें नांव जगास ठाऊक झालें तें अंगकोरच्या मंदिरांमुळें. १८६० च्या जानेवारींत तो तेथें सुमारें तीन आठवडे राहिला व त्यानें त्या भव्य वास्तूंचीं वर्णनें आणि रेखाचित्रें केलीं. 'हरवलेलें अंगकोर मूओनें शोधून काढलें' असें वाक्य पुढें पुष्कळ पुस्तकांत शिरलें. परंतु तें खरें नाहीं. अंगकोर वाट येथें बौद्ध भिक्षूंची वस्ती कधींच मोडली नव्हती. सतराव्या शतकांत आलेल्या जपानी यात्रेकरूंचे लेख तेथील खांबांवर आहेत, आणि बूइव्हो नांवाचा फ्रेंच पाद्री मूओच्या दहा वर्षें आधीं तेथें जाऊन आला होता. मूओस देखील बट्टमबाँग येथील एका पाद्र्यानें बरोबर येऊन ती जागा दाखविली. प्रवासी ज्यास शोध म्हणतो, तें बहुतेक वेळां स्थानिक माणसाचें रोजचें अंगण असतें, हें लक्षांत ठेवणें बरें.

शेवटच्या फेरींत त्यास परवानगीचें महत्त्व कळून आलें. १८६१ च्या आरंभीं तो लाओसच्या वाटेवर चैयाफूम येथें आला असतां तेथील अधिकाऱ्यानें त्यास वाहनें देण्याचें साफ नाकारलें. त्या काळीं ह्या प्रदेशांत राज्याची सीमा नकाशावरील रेषेनें ओळखली जात नसे. कोणाचा शिक्का किती गांवांत मानला जातो, तेवढी त्याची सीमा. बिचारा मूओ माघारा बँकॉकला गेला, अधिक वजनदार पत्रें मिळवून आला, आणि मग त्याच मार्गावर त्यास हत्ती मिळाले. परंतु ह्या खेपेंत कोरडा ऋतु हातचा गेला. २५ जुलै रोजीं, ऐन पावसाळ्यांत, तो लुआंग प्राबांग येथें पोंचला. पावसाचा शेवट हा त्या अरण्यांत तापाचा काळ. हिवतापाचा डासाशीं असलेला संबंध रोनाल्ड रॉस ह्यांनीं सिकंदराबाद येथें १८९७ त दाखविला. १८६१ सालीं लोक दूषित हवेस दोष देत व उघड्यावर निजत. १९ ऑक्टोबरास मूओस ताप भरला. २९ तारखेस त्यानें रोजनिशींत एका ओळीची प्रार्थना लिहिली. तेंच त्याचें अखेरचें लिखाण. १० नोव्हेंबर १८६१ रोजीं नाम खान नदीकांठीं तो मरण पावला. त्याचें वय अवघें पस्तीस वर्षांचें होतें.

येथें ह्या कथेंतील खरा पराक्रम सुरू होतो, आणि त्याकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. धनी मेला, देश परका, पेट्यांत भरलेल्या किड्यांना व कागदांना त्या दोघां सेवकांच्या दृष्टीनें कवडीची किंमत नव्हती. ते सर्व टाकून आपलें घर गांठतें, तरी त्यांस जाब विचारणारें कोणी नव्हतें. परंतु फ्राय व डेंग ह्यांनीं धन्यास मूठमाती दिली, रोजनिशी व संग्रह उचलला, आणि शेंकडों मैलांची वाट तुडवून तें सारें बँकॉकला पोंचतें केलें. १८६४ सालीं लंडनमध्यें मूओचा ग्रंथ छापला गेला तो ह्या दोघांच्या पायांवर. मूओचें थडगें आज दिसतें. फ्राय व डेंग ह्यांचें स्मारक आमच्या पाहण्यांत नाहीं.

दुसरा प्रवास सरकारी थाटाचा. मेकाँगच्या प्रवाहानें वर वर जाऊन चीनशीं व्यापाराचा जलमार्ग उघडावा, ह्या हेतूनें फ्रेंचांनीं १८६६ सालीं एक मोहीम काढली. नायक दूदार द लाग्रे, दुय्यम फ्रान्सिस गार्निए, चित्रकार देलापोर्त, झूबेर व तोरेल हे दोन वैद्य, आणि परराष्ट्रखात्याचा तरुण द कार्ने, असे सहा प्रमुख होते. सामानाची यादी वाचून आज हंसूं येतें. शास्त्रीय उपकरणें, भेटीदाखल द्यावयाचें कापड व पितळी तार ह्यांच्या जोडीला सातशें लिटरांहून अधिक द्राक्षमद्य व सुमारें तीनशें लिटर ब्रँडी होती. मात्र ज्या एका कागदावांचून चीनमध्यें पाऊल ठेवणें अशक्य, तो पेकिंगचा परवाना अद्याप हातीं आला नव्हता. आणि मंडळी सायगांवहून निघाली ती ५ जून रोजीं, म्हणजे पावसाळ्याच्या अगदीं तोंडावर.

पुढें व्हावयाचें तेंच झालें. क्राचे गांवापुढें खडकाळ धारा लागल्या व आगबोटी सोडून द्याव्या लागल्या. एकेका प्रचंड वृक्षाचें खोड कोरून केलेल्या होड्यांत बसून प्रवास सुरू झाला. होडीच्या दोन्ही बाजूंस वेळूची पाऊलवाट बांधलेली असे. तीवरून नावाडी पुढून मागें चालत व लांब वेळूच्या टोंकाचा आंकडा कांठच्या झाडाखडकांत अडकवून होडी प्रवाहाविरुद्ध ओढीत. गार्निए सन्निपाताच्या तापानें मरणाच्या दारीं जाऊन आला. ऑगस्टांत खोनचे धबधबे दिसले आणि आगबोटीनें चीनला जाण्याचें स्वप्न तेथेंच भंगलें. पुढें बास्साक येथें परवान्याची वाट पाहण्यांत महिने गेले. अखेर १८६७ च्या जानेवारींत गार्निए थोडक्या माणसांनिशीं मागें वळला. कंबोडियांत बंड माजल्यामुळें नदीची वाट बंद होती. म्हणून तो अरण्यांतून अंगकोरवरून नॉम पेनला गेला व परवाने घेऊन मार्चमध्यें आपल्या लोकांस येऊन मिळाला. विसरलेल्या एका कागदासाठीं दोन महिन्यांची ही पायपीट!

एप्रिलच्या अखेरीस मोहीम लुआंग प्राबांगला पोंचली. तेथें तिनें दोन शहाणपणाचीं कामें केलीं. मूओचें थडगें बांधलें, आणि निम्म्याहून अधिक ओझें टाकून दिलें. परंतु पुढचा पाऊस पुन्हां डोक्यावर होता. ब्रह्मी सत्तेखालील शान संस्थानांत दर मुक्कामास नवी अनुज्ञा, नवा खोळंबा. चिखलांत बूट कुजून गेले व मंडळी अनवाणी चालूं लागली. जळवांनीं पाय रक्तबंबाळ झाले. ऑक्टोबरांत चीनची हद्द लागली. १२ मार्च १८६८ रोजीं युन्नानमध्यें लाग्रे यकृताच्या विकारानें वारला. बाकीचे यांगत्सेच्या मार्गानें शांघायला गेले आणि जूनच्या अखेरीस सायगांवला परतले. नकाशा उत्तम झाला; जलमार्ग मात्र मिळाला नाहीं. खोनचे धबधबे चुकवून आगबोटी वर नेण्यासाठीं १८९३ त तेथील बेटावर लोहमार्ग घालावा लागला.

दोन्ही प्रवास एकमेकांशेजारीं ठेवून पाहिले म्हणजे तराजू कोणीकडे झुकतो? बेतांत ऋतु व परवाना ह्यांस गौण लेखलें, ही चूक दोहोंतहि आहे. तिची किंमत एकानें प्राणानें व दुसऱ्यानें दोन पावसाळ्यांनीं मोजली. सामानाच्या विपुलतेनें मोहिमेचा एकहि दिवस वांचला नाहीं. जें कांहीं तरलें, तें नावाड्यांच्या आंकड्यांनीं आणि फ्राय-डेंग ह्यांच्या इमानानें.

आजच्या प्रवाशाची स्थिति पुष्कळ सोपी आहे. १९९४ पासून नोंगखाई येथें मेकाँगवर पूल आहे, आणि २०२१ च्या डिसेंबरांत सुरू झालेल्या लोहमार्गानें व्हिएन्तिआनहून लुआंग प्राबांगला सुमारें दोन तासांत जातां येतें. तरी जुने तिन्ही प्रश्न जागच्या जागीं आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच पायीं हिंडण्याचा काळ. मार्च-एप्रिलांत राब जाळल्याचा धूर डोंगरांवर दाटतो आणि मे महिन्यापासून पाऊस. परवानगीची हमी कोणी देऊं नये: २०२५ सालीं थायलंड व कंबोडिया ह्यांच्यांत तंटा पेटून जमिनीवरील नाकीं बंद झालीं, आणि ज्यांनीं बेतांत दुसरी वाट ठेवली नव्हती ते अडकले. वाटाड्याची गरज तर पूर्वींपेक्षां वाढली आहे. १९६४ ते १९७३ ह्या काळांत अमेरिकेनें लाओसवर वीस लक्ष टनांहून अधिक बाँब टाकले. त्यांतील न फुटलेले कित्येक अद्याप मातींत पडून आहेत. मळलेली पाऊलवाट सोडणें म्हणजे तेथें कांहीं ठिकाणीं जिवाशीं खेळणें होय. उत्तर लाओसांत नाम हा अरण्यांत गांवकऱ्यांनाच वाटाडे नेमून पायीं फिरण्याची व्यवस्था १९९९ पासून उभी राहिली, ती ह्या दृष्टीनें स्तुत्य आहे. त्यांत पाहुणा सुरक्षित राहतो व त्याचा पैसा ज्यांच्या अंगणांतून तो चालतो त्यांस मिळतो.

म्हणून बेत करणाऱ्यांस आमची सूचना इतकीच कीं, यादीचें पहिलें पान सामानास देऊं नये. त्यावर महिना लिहावा, नाक्यांचीं नांवें व त्यांचे पर्याय लिहावे, आणि वाटाड्याचें नांव लिहावें. परत आल्यावर हकीकत लिहावीशी वाटली, तर तें शेवटचें नांव गाळूं नये. फ्राय व डेंग ह्यांचीं नांवें आपणांस ठाऊक आहेत, कारण मूओनें तीं आपल्या रोजनिशींत लिहून ठेवलीं. मेकाँगच्या त्या शेंकडों नावाड्यांचीं नांवें मात्र कोणास ठाऊक नाहींत.