आणि मोडला म्हणजे?

अष्टमीच्या आमच्या घरी पडवीत एक लाकडी नांगर टांगलेला असे. लहानपणी एकदा आजोबांना विचारलं होतं, "लोखंडी का नाही हो घेतलात?" ते म्हणाले, "आणि मोडला म्हणजे?" बस्स, एवढंच. मी तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट नुकतीच ऐकली होती. तिच्यातले ते अडाणी शेतकरी म्हणजे आपले आजोबाच, अशी माझी खात्रीच झाली.

गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. लक्ष्मणराव (१८६९–१९५६) मुंबईतली शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावला गेले. १८८८ साली सुरू झालेलं सायकलींचं दुकान तिथे होतंच. मग कडबा कापायचं यंत्र केलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोखंडी नांगर. पण पहिले सहा नांगर खपायला म्हणे दोन वर्षं लागली. का? तर लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी लोकांची समजूत!

आपण हसतो आणि पुढे जातो. मीही तेच केलं. पण आता एक गोष्ट खटकते. लाकडी नांगराचा फाळ तरी कशाचा असतो? लोखंडाचाच की! दर पावसाळ्याआधी लोहाराकडून तो शेवटवून आणायचा, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. म्हणजे लोखंड जमिनीत रोजच जात होतं. मग भीती नेमकी कशाची होती?

याचं उत्तर मला मिळालं ते अमेरिकेत. न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं. तिथल्या शेतकऱ्यांनीही अगदी हेच म्हटलं, की लोखंडाने जमीन नासते, तण माजतं. ना त्यांनी आपलं ऐकलं, ना आपण त्यांचं! पण न्यूबोल्डचा नांगर एकसंध ओतलेला होता. एक कोपरा तुटला की सगळा नांगर भंगारात. पुढे १८१९ मध्ये जेथ्रो वुडने सुट्या भागांचा नांगर आणला. जो भाग मोडेल तेवढाच बदलायचा. तो मात्र खपला. 'विषा'वर उतारा सापडला तो असा.

मला वाटतं, विष हे बोलायचं कारण होतं. मनातलं कारण आजोबांचंच. लाकडी नांगर मोडला तर गावचा सुतार संध्याकाळपर्यंत जोडून देई, सुगीला भात घेई. लोखंडी मोडला तर बेळगावला जायचं? पाऊस थांबतो का तोवर? किर्लोस्करांच्या कहाणीतही सुरुवातीचे फाळ पुरेसे टणक नव्हते, ते सुधारावे लागले, असं सांगतात. नांगर सुधारला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानात माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. गिऱ्हाइकाचा संशय असा कामी आला.

आमच्या कुंडलिकेकाठी तर मामला आणखी वेगळा. देशावरच्या काळ्या जमिनीत हरळी उपटायला, उसासाठी खोल नांगरायला लोखंडी नांगर उत्तम. इथे भातखाचरात चिखल करायचा, आणि खालचा घट्ट थर मोडू द्यायचा नाही, नाहीतर पाणी ठरणार कसं? चिमूटभर खाचरात हलका लाकडी नांगर बरा वळतो. म्हणजे आजोबा जुनाट नव्हते. त्यांनी नीट हिशेब केला होता, फक्त मला समजावून सांगायचे कष्ट घेतले नाहीत.

हे सगळं आठवायचं कारण सांगतो. मागे आम्ही पॉवर टिलर घेतला. घेताना मीच पुढे होतो, घरातल्या म्हाताऱ्यांच्या शंका हसण्यावारी नेल्या. ऐन लावणीत त्याचा एक भाग तुटला. तो मिळायला नऊ दिवस लागले. खाचरात पाणी भरलेलं, रोपं पिवळी पडत चाललेली, आणि आम्ही रोज फोन करतोय. शेवटी शेजाऱ्याने आपले बैल दिले.

टिलर अजून आहे, चांगला चालतो. विकणार नाही. पण आता कुठलीही नवी वस्तू घरात येते तेव्हा मी दुकानदाराला आधी एकच प्रश्न विचारतो. तो हसतो. हसू दे.