कव्हर : झाकणे की उघडणे?

बॉब डिलनने 2015 साली, वयाच्या 73 व्या वर्षी, 'शॅडोज इन द नाइट' हा अल्बम काढला. त्यातली दहाही गाणी फ्रँक सिनात्राने पूर्वी गायलेली. ध्वनिमुद्रणही सिनात्राच्याच कॅपिटल स्टुडिओत झाले, तेही हेडफोनशिवाय, सगळ्यांनी एका खोलीत बसून. याला 'कव्हर' म्हणायला मात्र डिलनची तयारी नव्हती. ही गाणी आधीच पुरेशी झाकली गेली आहेत, आपण ती उघडतो आहोत, असे त्याचे म्हणणे. ही नुसती कोटी नव्हे. 'कव्हर'चे मूळ लॅटिन 'कोऑपेरिरे', म्हणजे पूर्ण झाकणे. त्यातला धातू आपल्या 'वृ'चा सख्खा नातलग, म्हणून 'कव्हर' आणि 'आवरण' ही भावंडेच. डिलनला हवा होता तो शब्द मराठीत तयारच आहे : अनावरण!

कुणी म्हणेल, संगीत व्यवसायात 'कव्हर' या शब्दाचा झाकण्याशी संबंध नव्हता; दुसऱ्या कंपनीचे गाणे चालले की आपलीही आवृत्ती बाजारात उतरवायची, एवढाच अर्थ. खरे आहे. पण परिणाम काय झाला? 1955 मध्ये फॅट्स डॉमिनोचे 'एन्ट दॅट अ शेम' पॅट बूनने गायले आणि अमेरिकेच्या पॉप यादीत पहिला क्रमांक बूनला मिळाला. मूळ कृष्णवर्णीय गायक दहाव्यावर थांबला. मूळ आवाज तिथे अक्षरशः झाकला गेला. डिलनचा खरखरीत, थकलेला गळा सिनात्राला झाकूच शकत नाही. वाद्यवृंदाचा डामडौल काढून टाकल्यावर उरतात ते शब्द आणि चाल, आणि तीच आता नीट ऐकू येतात.