उभे राहण्याचा इतिहास आणि बसण्याचा हक्क

'स्वतःच्या पायावर उभे राहणे' हा वाक्प्रचार आपण स्वावलंबनाच्या गौरवासाठी वापरतो. पंढरीचा देवही विटेवर उभाच आहे. भाषेने आणि भक्तीने उभे राहण्याला एवढा मान दिला असताना, पोटासाठी दहा-दहा तास उभे राहणाऱ्यांच्या पायांचे काय होते हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाला गौण वाटण्याचा संभव आहे. आम्हांला तो तसा वाटत नाही. एखादी गोष्ट ठाऊक असणे आणि ती मान्य केली जाणे ह्यांत किती काळ जाऊ शकतो, हे ह्या प्रश्नाच्या इतिहासात स्पष्ट दिसते.

१६०३ साली पादुआच्या फाब्रिसियस ह्याने नीलांमधील झडपांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचाच विद्यार्थी विल्यम हार्वे ह्याने १६२८ मध्ये रक्ताभिसरणाचा सिद्धान्त मांडताना, ह्या झडपा रक्ताला हृदयाच्या दिशेनेच जाऊ देतात, हे दाखवून दिले. पायांतले रक्त वर चढवण्याचे काम मुख्यतः पोटरीचे स्नायू करतात. माणूस चालत असतो तोवर हा पंप चालतो. तो एका जागी उभा राहिला की पंप मंदावतो. नीलांतला दाब वाढतो, द्रव बाहेर झिरपतो आणि संध्याकाळी घोटे सुजतात. वर्षानुवर्षे हेच घडत राहिले तर नीला फुगून वेड्यावाकड्या होतात, त्वचा काळवंडते, प्रसंगी न भरणारा व्रण होतो. अनुवंश, वय आणि गरोदरपण ह्यांचाही ह्यात वाटा असतो. परंतु उभ्या कामाचा वाटा नाकारता येत नाही.

तो प्रथम ठामपणे नोंदवला मोदेना येथील वैद्य बेर्नार्दिनो रामाझिनी ह्याने. रुग्णाला त्याचा धंदाही विचारावा, हा त्याचा आग्रह होता. कारागिरांच्या रोगांवरील आपल्या १७०० सालच्या ग्रंथात त्याने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र प्रकरण लिहिले आणि सुतार, गवंडी, लोहार अशांच्या फुगलेल्या नीलांची नोंद केली. त्याचा उपाय साधा होता: मधूनमधून बसावे, चालावे, शरीर हलवावे. म्हणजे निदान आणि उपचार दोन्ही तीनशे वर्षांपूर्वीच सांगून झाले होते. उणीव होती ती बसू देणाऱ्याची.

एकोणिसाव्या शतकातील भव्य दुकानांनी उभे राहण्याला नवा अर्थ दिला. ते आता ग्राहकासमोरील अदबीचे चिन्ह झाले. एमिल झोलाच्या १८८३ सालच्या 'ओ बॉनर दे दाम' ह्या कादंबरीत झगमगत्या दालनांच्या वर्णनांबरोबर विक्रेत्या देनीझच्या दुखऱ्या पायांनाही जागा आहे. पुढे १८९९ मध्ये ब्रिटिश संसदेने दर तीन स्त्री विक्रेत्यांमागे किमान एक आसन ठेवण्याचा कायदा केला. १९०० च्या अखेरीस फ्रान्सनेही दुकानांतील स्त्रियांसाठी आसनांचा कायदा केला. हे दोन्ही कायदे केवळ स्त्रियांपुरते होते. आसन मिळाले ते श्रम करणाऱ्या देहाचा हक्क म्हणून नव्हे, नाजूक मानलेल्या देहावरील दया म्हणून.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने अधिनियमातील कलम ४४ ने उभ्याने काम करणाऱ्या कामगारांसाठी बसण्याची सोय अनिवार्य केली. दुकाने मात्र त्या अधिनियमाच्या कक्षेबाहेर राहिली. वसंतबालन ह्यांच्या २०१० सालच्या 'अंगाडी तेरु' ह्या तमिळ चित्रपटाने चेन्नईच्या कापडदुकानांतील हे उभे आयुष्य पडद्यावर आणले. त्याच सुमारास कोळिकोड येथे शिवणकाम करणाऱ्या विजी आणि त्यांची 'पेण्कूट्टु' ही संघटना दुकानांतील स्त्रियांसाठी आधी स्वच्छतागृहाची आणि मग बसण्याची मागणी करीत होती. भिंतीला टेकले तरी पगार कापला जातो, अशा तक्रारी पुढे आल्या. अखेर २०१८ मध्ये केरळने दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती करून सर्व कामगारांना, केवळ स्त्रियांना नव्हे, बसण्याची सोय देणे बंधनकारक केले. तमिळनाडूने २०२१ मध्ये तेच केले. कारखान्यातल्या बाकापासून दुकानातल्या स्टुलापर्यंतचे अंतर कापायला सत्तर वर्षे लागली.

आसन म्हणजे संपूर्ण उपाय नव्हे, हेही नोंदवले पाहिजे. दीर्घकाळ निश्चल बसल्यानेही पाय सुजतात. टाचा उचलून पोटऱ्या हलवणे, अधूनमधून चार पावले चालणे, घरी आल्यावर पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर ठेवून पडणे आणि वैद्यकीय सल्ल्याने दाब देणारे मोजे वापरणे, हे सारे उपयोगी आहे. एकाच पायाला अचानक सूज येऊन वेदना होऊ लागल्यास मात्र विलंब न करता डॉक्टरांकडे जावे; ती रक्ताच्या गुठळीची खूण असू शकते. परंतु ह्यांतले बहुतेक उपाय कामगाराने स्वतःच्या वेळात, स्वतःच्या पैशाने करायचे असतात. कामाच्या वेळात बसण्याची मुभा हा एकच उपाय दुसऱ्याच्या हातात असतो, आणि नेमका तोच मिळायला सर्वाधिक काळ लागला.

फळ्यासमोर तासामागून तास उभे राहणाऱ्या आम्हां शिक्षकांना हा इतिहास परका नाही. वर्गात खुर्ची असते, तिच्यावर बसावे की नाही हे बहुधा आमचे आम्ही ठरवतो. कोळिकोडच्या त्या विक्रेत्या स्त्रियाही स्वतःच्या पायावर उभे राहण्यासाठीच घराबाहेर पडल्या होत्या. तो वाक्प्रचार ह्यापुढे शिकवताना त्या पायांची आठवण ठेवावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.